फिल-पिट : १९४३ चा एक जोडसंघ



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा ‘अमेरिकन फुटबॉलमधील १९४३ चा एक मोसम’ असा विषय मी कळवला. चार दिवसांनी चिटणीसांचा दूरध्वनी आला. विषय लिहून घेताना काही गफलत तर झाली नाही ना, असे त्यांनी अत्यंत सौजन्याने विचारले. त्यांची शंका रास्त होती. जिथे संतवाङ्मयावर आणि सयाजीराव महाराजांच्या शिक्षणकार्यावर अधिकारी व्यक्ती बोलल्या, त्या व्यासपीठावर हा परका खेळ कशासाठी, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आता आलेही असेल.

त्याचे कारण ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत ते आमचे सर हेच आहे. नव्या विद्यार्थ्यांनी त्यांना पाहिलेले नाही. ते या शाळेत क्रीडाशिक्षक होते. माझ्या डाव्या डोळ्याला लहानपणापासून जवळजवळ दिसत नाही. शाळेच्या वैद्यकीय तपासणीत माझ्या पत्रकावर ‘मैदानी खेळांस अपात्र’ असा शेरा पडला होता. सरांनी तो वाचला, पत्रकाची घडी घालून ते कपाटात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी कबड्डीच्या सरावात मला डाव्या कोपऱ्यावर उभे केले. माझ्या डाव्या हाताला मैदानाची बाजूरेषा. म्हणजे जे काही घडायचे ते समोर नाहीतर उजवीकडे. तीन वर्षे मी त्या कोपऱ्यावर खेळलो. सरांनी याविषयी कधी एक शब्दही काढला नाही, आणि मलाही त्यातली खुबी तेव्हा कळली नाही. ती कळली पुष्कळ वर्षांनी, फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग या शहरांनी मिळून एकाच मोसमापुरत्या उभ्या केलेल्या संघाविषयी वाचताना.

खेळाची तोंडओळख प्रथम करून देतो. नाव फुटबॉल असले तरी पायाचा संबंध बेताचाच. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू हातात धरून किंवा फेकून पुढे न्यायचा. मैदान शंभर यार्डांचे, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड भूमी मिळवली तर चेंडू आपल्याकडे राहतो, नाहीतर प्रतिपक्षाकडे जातो. त्यांच्या अंतिम रेषेपलीकडे चेंडू नेला की सहा गुण. पुढच्या फळीतले धिप्पाड गडी अंग झोकून वाट अडवतात किंवा मोकळी करतात. त्यांच्यामागे चेंडू वाटणारा क्वार्टरबॅक आणि चेंडू छातीशी धरून धावणारे हाफबॅक. कबड्डी खेळलेल्या माणसाला यातले मर्म चटकन कळते. जमीन इथेही वितीवितीने मिळवायची असते.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि व्यावसायिक संघांतील तरुण एकामागून एक लष्करात दाखल होऊ लागले. पिट्सबर्गच्या स्टीलर्स संघाने १९४२ साली सात सामने जिंकून आणि चार हरून स्थापनेपासूनचा पहिला यशस्वी मोसम पाहिला होता. त्यांचा बिल डडली हा नवखा खेळाडू त्या वर्षी धावेच्या यार्डांत सबंध साखळीत पहिला आला, आणि लगोलग हवाई दलात निघून गेला. फिलाडेल्फियाच्या ईगल्सची स्थिती आधीच दीनवाणी होती. त्यांनी त्याच मोसमात अकरांपैकी दोन सामने जिंकले होते. दोन्ही संघ १९३३ चे, पेनसिल्व्हेनिया या एकाच राज्याच्या दोन टोकांचे. एक शहर पोलादाच्या भट्ट्यांचे, दुसरे बंदराचे आणि गोद्यांचे. मध्ये तीनशे मैलांचे अंतर.

१९४३ च्या वसंतात क्लीव्हलँडच्या रॅम्स संघाने त्या वर्षापुरते दार बंद करण्याची परवानगी मिळवली. पिट्सबर्गही त्याच वाटेवर होते. तेव्हा संघाचे मालक आर्ट रूनी आणि बर्ट बेल यांनी ईगल्सशी हातमिळवणी करण्याचा प्रस्ताव मांडला. जूनमध्ये साखळीच्या बैठकीत तो पाचास चार अशा निसटत्या मतांनी संमत झाला. दोन अर्धे संघ एकत्र आले तर नसता बलाढ्य होऊन बसतील, अशी भीती इतर मालकांना वाटत असेल, तर ती फार काळ टिकली नाही.

या जोडसंघाला धड नावही मिळाले नाही. वेळापत्रकात त्यांचा उल्लेख ‘फिल-पिट’ असा होई. फिलाडेल्फियाच्या लेखी तो ईगल्सच होता, कारण कचेरी तिथे, सराव तिथे, गणवेश ईगल्सचाच हिरवा-पांढरा, आणि घरच्या सहा सामन्यांपैकी चार तिथल्या शाइब पार्कवर. पिट्सबर्गच्या वाट्याला फोर्ब्स फील्डवरचे दोन सामने आले. तिथल्या एका वृत्तपत्राचे क्रीडासंपादक चेट स्मिथ यांनी स्टीलर्स आणि ईगल्स यांची मोडतोड करून ‘स्टीगल्स’ असे नाव काढले. थट्टेतले ते नावच लोकांच्या तोंडी बसले.

परंतु खरी पंचाईत नावाची नव्हती, ती खेळाडूंची होती. धडधाकट, अविवाहित तरुण आघाडीवर जाणार हे उघड होते. मग उरले कोण? लष्करी भरतीच्या नोंदवहीत ‘फोर-एफ’ असा एक वर्ग असे. शारीरिक दोषामुळे सैन्यसेवेस नालायक ठरलेल्यांचा तो वर्ग. या संघाचा मोठा भाग त्या वर्गातून आला. टोनी बोव्हाला एका डोळ्याने दिसत नव्हते आणि दुसऱ्यानेही अंधूकच दिसे. तो या संघासाठी लांबून फेकलेले चेंडू झेलत असे, आणि मोसमाअखेर संघात सर्वांत अधिक झेल त्याच्याच नावावर होते. मध्यभागी उभा राहून चेंडू मागे देणारा रे ग्रेव्ज एका कानाने बहिरा होता. मिशिगन विद्यापीठातून नुकताच आलेला अल विस्टर्ट मनगटाच्या हाडातील जुन्या विकारामुळे नाकारला गेला होता. व्हिक सीअर्स आणि धावणारा जॅक हिंकल या दोघांना पोटातील व्रणांनी ग्रासले होते. बको किलरॉय व्यापारी नौदलाच्या सेवेत होता आणि तिथून सवड काढून खेळे. बिल ह्यूइट हा एकेकाळचा नामांकित खेळाडू निवृत्तीतून परत आला. शिरस्त्राण न घालता खेळण्याबद्दल त्याची ख्याती होती. नेमके त्याच वर्षी साखळीने शिरस्त्राण सक्तीचे केले. डोक्यावर ते ओझे घेऊन काही सामने खेळल्यावर त्याने मोसम अर्ध्यावर सोडला. मला त्याच्याविषयी नेहमी थोडी कणव वाटते.

आणखी एक दंडक होता. प्रत्येक खेळाडूने युद्धोपयोगी कारखान्यात आठवड्याला चाळीस तास काम केलेच पाहिजे. दिवसभर काम, संध्याकाळी सराव, सप्ताहाअखेर सामना. टेड डॉइल हा स्टीलर्सचा जुना खेळाडू तर पिट्सबर्ग सोडून गेलाच नाही. आठवडाभर तो वेस्टिंगहाउसच्या कारखान्यात राबे आणि आगगाडीने सामन्याच्या गावी पोहोचे. आपल्या हातून होणारे काम अणुबाँबच्या गुप्त प्रकल्पाचा भाग होते, असे त्याला पुढे कळले. मोसमभर एका गड्याच्या एका हातात फुटबॉल आणि दुसऱ्या हातात, त्याच्याही नकळत, असे काही असावे, हा योग कादंबरीकाराला सुचला असता तर आपण त्याला अतिरंजित म्हटले असते.

प्रशिक्षकही दोन होते, आणि कोणाला दुय्यम म्हणायचे हा प्रश्न सुटेना म्हणून दोघांना समान दर्जा दिला गेला. ईगल्सचे ग्रीझी नील हे तोंडाने तिखट. तरुणपणी बेसबॉलमध्ये सिनसिनाटीकडून १९१९ ची जागतिक मालिका खेळलेले. शिकागोच्या बेअर्स संघाने १९४० च्या अंतिम सामन्यात वॉशिंग्टनचा ७३–० असा धुव्वा उडवला होता. त्या सामन्याचे चित्रीकरण पुन:पुन्हा पाहून नील यांनी बेअर्सचा ‘टी’ नावाचा नवा व्यूह आत्मसात केला होता. पिट्सबर्गचे वॉल्ट कीसलिंग जुन्या ‘सिंगल विंग’ व्यूहाचे. दोघांचे एकमेकांशी मुळीच पटत नव्हते. नील यांनी एकदा सरावात पिट्सबर्गच्या खेळाडूला फैलावर घेतले, तेव्हा कीसलिंग आपली माणसे घेऊन मैदानाबाहेर चालते झाले. अखेर वाटणी झाली ती अशी की आक्रमण नील यांनी पाहावे आणि बचाव कीसलिंग यांनी. एका घरात दोन चुली म्हणतात ना, तसेच. मात्र दोन्ही चुलींवर रोज अन्न शिजत होते, हेही खरे.

२ ऑक्टोबर रोजी शाइब पार्कवर पहिला सामना ब्रुकलिनशी झाला आणि स्टीगल्सनी तो १७–० असा जिंकला. पुढच्या आठवड्यात न्यूयॉर्कच्या जायंट्सविरुद्ध तर नवलच घडले. स्टीगल्सच्या हातून त्या दिवशी दहा वेळा चेंडू निसटला. एका सामन्यातील तो उच्चांक आहे. नंतर काही संघांनी त्याची बरोबरी केली, ओलांडला मात्र कोणी नाही. दहादा चेंडू सांडूनही हा संघ २८–१४ असा जिंकला. एकमेकांच्या सवयी अंगवळणी न पडलेल्या, दिवसभराच्या कामाने थकलेल्या माणसांचा हा नवा व्यूह होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दहाच्या आकड्याचे फारसे नवल वाटत नाही. जिंकले कसे, याचे मात्र वाटते.

त्यानंतर जमिनीवर यावे लागले. शिकागोच्या बेअर्सनी ४८–२१ असे लोळवले आणि न्यूयॉर्कने आपल्या मैदानावर ४२–१४ असा सूड घेतला. दोन सामन्यांत नव्वद गुण दिलेला संघ इथे मोडून पडेल असे कोणालाही वाटले असते. परंतु ३१ ऑक्टोबरला पिट्सबर्गमध्ये त्यांनी शिकागोच्या कार्डिनल्सना ३४–१३ असे हरवले, आणि ७ नोव्हेंबरला सॅमी बॉ या विख्यात क्वार्टरबॅकच्या वॉशिंग्टनला, जो तोवर प्रत्येक सामना जिंकत आला होता, १४–१४ असे रोखले.

मग १४ नोव्हेंबरचा ब्रुकलिनचा सामना. आजही तक्ता पाहताना माझी नजर तिथेच अडखळते. ब्रुकलिनने त्या सबंध मोसमात दोनच सामने जिंकले, आणि त्यांतला एक हा, १३–७. बलिष्ठाशी झुंजलेला संघ दुबळ्यापुढे घसरला. शाळेच्या मैदानावरही हे आपण पुष्कळदा पाहिले आहे. या एका पराभवाची किंमत पुढे किती भारी पडली ते शेवटच्या तक्त्यात दिसते.

पुढच्याच आठवड्यात फोर्ब्स फील्डवर डेट्रॉइटविरुद्ध ३५–३४, एका गुणाने विजय. आणि २८ नोव्हेंबरला वॉशिंग्टनच्या घरी जाऊन, मोसमात तोवर एकदाही न हरलेल्या त्या संघाला २७–१४ असा त्यांचा पहिला पराभव. क्वार्टरबॅक रॉय झिमरमन हा पूर्वी वॉशिंग्टनकडेच सॅमी बॉच्या सावलीत बसलेला खेळाडू होता. एक डोळा, एक कान, मनगट, पोटातले व्रण, अशा साऱ्या उणिवांची बेरीज त्या दुपारी सबंध साखळीत अपराजित असलेल्या एकमेव संघापुढे उभी होती.

५ डिसेंबरला फिलाडेल्फियात अखेरचा सामना ग्रीन बेच्या पॅकर्सशी झाला. तो जिंकला असता तर पूर्व विभागात अव्वल स्थानाची बरोबरी झाली असती. चौतीस हजारांवर प्रेक्षक लोटले. पॅकर्सकडे चेंडू झेलण्यात त्या काळी अद्वितीय असा डॉन हटसन होता. स्टीगल्स ३८–२८ असे हरले. पाच विजय, चार पराभव, एक बरोबरी. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन सहा-तीन-एक. म्हणजे ब्रुकलिनचा तो सामना हातचा गेला नसता तर हा जोडसंघ त्या दोघांच्या रांगेत उभा राहिला असता. फिलाडेल्फियाला असा, हरण्यापेक्षा अधिक सामने जिंकलेला मोसम, तोवर एकदाही लाभला नव्हता.

आपल्या वडोदऱ्याच्या श्रोत्यांसाठी एक विषयांतर करतो. त्याच डिसेंबर महिन्यात मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरीत बडोद्याच्या विजय हजारे यांनी ‘इतरेजनां’च्या संघाकडून ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या. त्या डावात ३०० धावांची एक भागीदारी आहे. तीत त्यांचे बंधू विवेक हजारे यांच्या धावा एकवीस. विजय हजाऱ्यांचा विक्रम आपल्याला पाठ आहे. त्या एकवीस धावा काढायला किती वेळ दुसरे टोक धरून उभे राहावे लागले असेल, याचा विचार सरांनी आम्हाला एकदा वर्गात करायला लावला होता. विषयांतर संपले.

जॅक हिंकलचे काय झाले ते सांगायचे राहिले. त्या मोसमात त्याने धावून ५७१ यार्ड मिळवले. न्यूयॉर्कच्या बिल पास्कलने ५७२. एका यार्डाने, म्हणजे तीन फुटांनी, हिंकलचे साखळीतील पहिले स्थान हुकले.

आता या कथेतली अवघड बाजू. लष्कराला नको असलेला माणूस रविवारी मैदानावर पाच-पन्नास जणांना धडका देतो, हे ज्यांचा मुलगा पॅसिफिकमध्ये लढत होता त्यांनी कसे पाहावे? हा प्रश्न खोटा नव्हता. डिसेंबर १९४४ मध्ये युद्धकालीन कारभाराचे एक प्रमुख अधिकारी जेम्स बर्न्झ यांनी, सैन्यास अपात्र ठरलेल्या व्यावसायिक खेळाडूंची पुन्हा तपासणी करावी असे भरती खात्याला सांगितले, ते याच लोकभावनेतून. मला दोन्ही बाजू समजतात. तथापि एवढे म्हणावेसे वाटते की सामना दोन-तीन तासांचा असतो, पथ्य सांभाळून खेळता येतो, आणि रात्रीच्या अंधारात एका डोळ्याच्या माणसावर दुसऱ्या सैनिकाचा जीव अवलंबून नसतो. खेळायला योग्य आणि लढायला अयोग्य असणे यात लबाडी नाही. मात्र ते प्रत्येक प्रेक्षकाला समजावून सांगत बसणे शक्य नव्हते, आणि त्या माणसांनी ते वर्ष तसेच काढले.

त्यांच्या विरुद्ध न्यूयॉर्ककडून खेळलेला अल ब्लोझिस याची हकीकत नेमकी उलट आहे. साडेसहा फूट उंचीचा हा राक्षसी बांध्याचा खेळाडू मापात बसत नाही म्हणून लष्कराने नाकारला होता. त्याने पाठपुरावा करून तो नियम आपल्यापुरता शिथिल करून घेतला. ३१ जानेवारी १९४५ रोजी फ्रान्समधल्या व्होझ पर्वतात, आपल्या तुकडीतील न परतलेल्या सैनिकांना शोधायला तो निघाला, आणि परत आला नाही.

‘अपात्र’ या शब्दाचा आणखी एक अर्थ त्या साखळीत होता आणि तो मला लपवता येणार नाही. १९३४ पासून या साखळीत एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला गेला नव्हता. पिट्सबर्गच्या पहिल्याच, १९३३ च्या संघात रे केम्प हा कृष्णवर्णीय खेळाडू होता, हे विशेष. माणसे मिळेनात म्हणून एक संघ बंद पडला, दोन संघांचा एक करावा लागला, संघातील खेळाडूंची मर्यादा तेहतीसवरून अठ्ठावीसवर आणली गेली. एका डोळ्याचा माणूस चालला, एका कानाचा चालला, पण दोन्ही डोळे, दोन्ही कान आणि दणकट मनगटे असलेला काळ्या कातडीचा माणूस चालला नाही. ती भिंत १९४६ मध्ये केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांच्या प्रवेशाने फुटली. ज्या संघाने त्यांना घेतले तो लॉस एंजेलिसला स्थलांतरित झालेला रॅम्स, म्हणजे १९४३ साली दार बंद करून बसलेला तोच क्लीव्हलँडचा संघ. मी ज्या स्टीगल्सचे कौतुक आपल्याला सांगतो आहे, त्यांच्या कौतुकाला हा डाग आहे. तो त्या खेळाडूंचा नसेल, मालकांचा असेल, पण आहे.

मोसम संपला तशी सोयरीकही संपली. १९४४ मध्ये ईगल्स स्वतंत्र झाले. पिट्सबर्गने या वेळी शिकागोच्या कार्डिनल्सशी जोडी जमवली. ‘कार्ड-पिट’ने दहाच्या दहा सामने गमावले आणि सर्वांनी आपल्याला पायाखाली तुडवले म्हणून ‘कार्पेट्स’, म्हणजे सतरंज्या, अशी पदवी मिळवली. केवळ दोन उणी माणसे शेजारी उभी केली म्हणजे संघ होतो असे नाही, हे त्या दहा पराभवांवरून कळते. नील आणि कीसलिंग यांचे पटत नव्हते, पण दोघांनाही आपले काम येत होते.

नील यांच्या ईगल्सनी १९४८ आणि १९४९ अशी लागोपाठ दोन वर्षे अजिंक्यपद मिळवले. विस्टर्ट, सीअर्स आणि किलरॉय हे १९४३ चे तिघे त्या संघांत होते. विस्टर्ट तर कर्णधार होता. त्याआधी १९४७ मध्ये स्टीलर्स आणि ईगल्स पूर्व विभागात बरोबरीत आले आणि निर्णायक सामना फोर्ब्स फील्डवर झाला. चार वर्षांपूर्वी एकाच हिरव्या गणवेशात खेळलेली माणसे समोरासमोर उभी होती. फिलाडेल्फिया २१–० असे जिंकले.

ऑगस्ट २००३ मध्ये पिट्सबर्गच्या नव्या मैदानावर या दोन संघांचा मोसमपूर्व सामना होता. साठ वर्षे झाल्याचे निमित्त साधून हयात असलेल्या स्टीगल्सना तिथे सन्मानाने बोलावण्यात आले. ऐंशीच्या घरातली ती म्हातारी माणसे मैदानात आली. मनगटासाठी नाकारला गेलेला विस्टर्ट त्यानंतरही २०१६ पर्यंत जगला.

ज्या कपाटात सरांनी माझे पत्रक ठेवले होते ते क्रीडासाहित्याच्या खोलीत अजून आहे, असे मघाशी मुख्याध्यापकांनी सांगितले. परवानगी असेल तर कार्यक्रम संपल्यावर मी ते पाहून जाईन.